अनंताचा बेंजो

सावळी धसईला एस.टी.त चढली तेव्हापासून लोक तिच्या मांडीवरच्या गोधडीकडे टक लावून बघत होते. बाळ म्हणावं तर फार लांब, आणि हंडा म्हणावा तर त्याला मान फुटलेली. मुरबाडपर्यंत सगळ्यांनी कळ काढली. मुरबाडला गाडी बदलली, आणि शहापूरच्या गाडीत शेजारच्या म्हातारीला काही राहवेना.

"काय गो बाय, यवढं जपून काय नेतंस?"

"बेंजो हाय. माझ्या भावाचा."

"मंग भाऊ कुठं हाय?"

"वारला."

म्हातारीनं आपली भाजीची पाटी पायानं सरकवली आणि गोधडीला ऐसपैस जागा करून दिली.

आता ती वस्तू काही बेंजो नव्हती. चांगली सहा तारांची गिटार होती. पण धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी सावळीची जी वाडी आहे, तिथं तारा लावलेल्या कुठल्याही वस्तूला बेंजोच म्हणतात. लग्नात बेंजो पार्टी येते, तिच्याकडे तारांचं वाद्य असतं, ते बेंजो. मग तारा असलेलं दुसरं काही आलं तर त्याला वेगळं नाव कशाला शोधत बसायचं? अनंतानं घसा फोडून सांगितलं होतं, "गिटार म्हना रे, गिटार!" वाडीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "अनंता, तुझा बेंजो कवा वाजवतंस?"

अनंता सावळीचा धाकटा भाऊ. वसईकडे वाद्यं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कितीतरी वर्षं कामाला होता. एका शिमग्याला तो ही गिटार खांद्याला अडकवून आला आणि पारावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ही मी घडवली. माझ्या हातानं. पहिल्या तुकड्यापासनं शेवटल्या तारेपर्यंत."

वाडीचा ढोल राघोकडे. मोठा ढोलकरी, तोंडही तसंच मोठं. त्यानं गिटार उलटीपालटी केली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचा?"

"कंपनी मीच."

राघो जो हसायला लागला तो आवरेचना. त्याच्याबरोबर सगळी वाडी हसली. आणि खरं सांगायचं तर त्यात वाडीची फारशी चूक नव्हती. अनंता थापाड्या होताच. सेठनं मला विमानातून गोव्याला नेलं, असं त्यानं एकदा सांगितलं होतं. पुढं कळलं की तो टेम्पोत मागं बसून गेला होता आणि पनवेललाच त्याला उलट्या झाल्या होत्या. तर अशा माणसानं गिटार घडवली म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करणार? त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं फेकू अनंता, आणि ते त्याला चिकटलं ते कायमचं.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सावळीच्या वाडीची एक रीत आहे. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या सणाला, वाघोबाच्या ठाण्यावर नवं वाद्य ठेवलं की ढोलकरी मोठ्यानं विचारतो, "कोनी घडवला?" घडवणाऱ्याच्या घरचं माणूस नाव सांगतं, सगळी वाडी ते नाव तोंड भरून घेते, आणि मगच नाचाला सुरुवात होते. सावळीचा बाप बुधू ढोल घडवायचा. त्याचं नाव असं कितीदा तरी घेतलं गेलं होतं. दुकानातून आणलेल्या वस्तूला मात्र हा मान नाही. कंपनीच्या मालाला कसलं आलंय नाव? अनंताची गिटार वर्षानुवर्षं घरात राहिली, पण वाघोबापुढं तिला कोणी ठेवू दिलं नाही.

चैत्रात अनंता काविळीनं गेला. लग्न केलं नव्हतं, पोरबाळ नव्हतं. माहेर-सासर एकाच वाडीत असलेली ही बहीणच काय ती त्याची. डोळे पिवळेजर्द झालेले, अंगात त्राण नाही, आणि तरी सावळीचा हात धरून तो म्हणाला होता, "आक्का, येकदा तरी वाघबारशीला माझं नाव घ्यायला सांग राघोला."

भाऊ गेल्यावर सावळीनं गिटार चुलीवरच्या माळ्यावरून खाली काढली आणि राघोचं घर गाठलं. राघो काही दुष्ट माणूस नव्हे, पण रीत म्हणजे रीत.

"हे बघ सावळे," तो म्हणाला, "मेलेल्या मान्साबद्दल वाईट बोलत नाय मी. पन देवापुढं खोटं नाव घेनार नाय. तू शहापूरला जानकार मान्साला दाखव. कंपनी कुठली ती विचारून ये. कंपनी नाय निघाली, तर मी स्वता विचारीन, कोनी घडवला म्हनून."

वाघबारस तोंडावर आली होती. म्हणून सावळी भातकापणी नवऱ्याच्या, लडकूच्या अंगावर टाकून, अंगणवाडीतल्या मदतनिसाच्या कामाची सुट्टी घेऊन आज निघाली होती. मनात धाकधूक होतीच. भावावर तिचा जीव होता, पण टेम्पोचं विमान तिलाही माहीत होतं.

शहापूरच्या बाजारपेठेत सुनिलचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. आटगावचा माणूस, मुंबईत एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं अप-डाऊन करून कंटाळला आणि इथं स्वतःचं थाटून बसला. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय त्याचं बोलणं पुढं सरकत नाही. सावळीनं गोधडी सोडली आणि म्हणाली, "दादा, बेंजो दाखवायचा हाय."

"मावशी, ही गिटार आहे."

"तेच ते."

सुनिल हसला, पण गिटार हातात घेतल्यावर त्याचं हसू गेलं आणि तोंडातून शीळ निघाली. त्यानं ती पाठीवर ठोकून पाहिली, कान लावला, मान डोळ्यासमोर सरळ धरून एक डोळा मिटला. धुरानं ती काळवंडली होती, तारा गंजून गेल्या होत्या. पण त्याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही.

"कुठं मिळाली ही तुम्हाला?"

"भावाची. तो गेला. दादा, मला येकच सांगा, ही कुठल्या कंपनीची?"

"थांबा, कळेल ना." सुनिलनं गिटारच्या डोक्यावर, जिथं तारा गुंडाळायच्या खुंट्या असतात तिथं, बोट फिरवलं. काजळीखाली काहीतरी चमकत होतं. लाकडात शिंपल्याचे तुकडे बसवून इंग्रजी अक्षरं केलेली होती. दिव्याखाली धरून तो वाचायला लागला. "डी... वर कॉमा दिलाय... असे. डी'असे! मावशी, फ्रेंच आहे ही. नाहीतर पोर्तुगीज असेल."

"म्हंजे कंपनीची?"

"कंपनीचीच! आणि ती पण फॉरेनची!" सुनिलनं मोबाइल काढून भराभर शोधायला सुरुवात केली. इकडून शोधलं, तिकडून शोधलं. काही सापडलं नाही, तसा तो आणखीच खूश झाला. "बघा! नेटवर पण नाही. केवढी रेअर असेल विचार करा. नशीब काढलंत तुम्ही. ए, दोन स्पेशल सांग रे!"

चहा आला. सावळीनं तो हातात धरला आणि तसाच धरून बसली. चहावर साय धरली तरी तिचं लक्ष नव्हतं. सुनिल आपला बोलतोय, जुन्या फॉरेनच्या गिटारी कशा असतात, लाकूड कसं असतं, आवाज कसा असतो; आणि हिच्या डोळ्यांतून पाणी. तो गडबडला.

"मावशी, अहो खूश व्हायचं सोडून..."

"कशाची खुश होऊ? माझा भाव खोटा पडला." आणि एकदा तोंड उघडल्यावर सावळीनं सगळं सांगून टाकलं: पार, राघो, फेकू, वाघबारस. "मरताना सुदा खोटं बोलला मेला. माझा हात धरून खोटं बोलला. मी लहानाचा मोठा केला त्याला, मला तरी सांगायचं व्हतं ना, आक्का, इकत घेतलाय म्हनून. मी काय त्याला टाकून देनार व्हते?"

तिला भावाचा असा राग कधी आला नव्हता. आणि राग आला की सावळीला हातात काहीतरी काम लागतं, नाहीतर तिचं काही खरं नसतं. तिनं सुनिलपुढचं फडकं ओढलं, त्यावर बाटलीतलं तेल ओतलं आणि गिटारचं डोकं खसाखसा पुसायला लागली. "जाऊ दे. निदान मानसात तरी आनावी. धुरानं पार कोळसा झालाय."

"हळू, मावशी, हळू," सुनिल म्हणत राहिला.

काजळी निघाली तशी अक्षरं लखलखायला लागली. सावळीचं इंग्रजी अंगणवाडीपुरतं. शब्द तिला वाचता येत नव्हते, पण मोठी अक्षरं सगळी पाठ. रोज पोरांकडून घोकून घेत होती. सवयीनं तिचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं. "डी." मग पुढं सरकलं आणि अडलं. डी आणि ए यांच्यामध्ये चांगलं बोटभर अंतर होतं, आणि त्यात वरच्या बाजूला शिंपल्याचा इवलासा तुकडा.

"दादा, हितं यक अक्षर पडलंय."

"नाही हो, तो कॉमा आहे. फ्रेंच नावात तसा देतात."

"मला कॉमा नका सांगू. आमच्या अंगणवाडीतली चिमी अशीच लिहिते. मधलं अक्षर इसरते आनि जागा सोडून पुढं जाते." सावळीनं अंबाड्यातली पिन काढली. सुनिलनं डोळे मिटून घेतले, बिचाऱ्याला बघवेना. तिनं त्या रिकाम्या जागेतली काजळी हळूच उकरली, कानातला मळ काढतात तशी. आत खाच होती. खाचेत जुना, पिवळा पडलेला गोंद होता. एक खाच उभी, तिच्या वरच्या टोकाला तो उरलेला तुकडा. दुसरी खाच उभी. आणि दोन्हींना जोडणारी एक आडवी.

"एच," सावळी म्हणाली. "एच फॉर हेन. शिंपला गळून पडलाय, म्हनून दिसत नवता."

सुनिल वाकून बघायला लागला. "खरंच की हो! डी, एच... मग ते धासे होईल. धासे... धासे म्हणजे आफ्रिकेकडची असेल बहुतेक."

सावळी त्याचं ऐकत नव्हती. ती अक्षरं जुळवत होती, पोरांना शिकवते तशी, एकेकाला चिमटीत धरून. "डी, एच, ध. ए, एस, स. ए, वाय..." पुन्हा एकदा. "ध. स. य." आणि मग तिच्या कानात सकाळचा मुरबाडचा स्टँड गरजला. तिच्या गाडीशेजारी परतीची गाडी लागली होती, आणि कंडक्टर दारात लटकून गाडीवर थापा मारत ओरडत होता तेच, तिनं जन्मभर ऐकलेलं.

"धसय!" सावळी ओरडली. "दादा, धसय हाय ते! आमची धसय!"

सुनिलनं एकदा गिटारकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "धसई? मुरबाडची?"

"मंग दुसरी कुठली?"

सुनिलनं कपाळावर हात मारून घेतला. "माझी सख्खी बहीण धसईला दिलीय, मावशी. दर दिवाळीला जातो मी तिथं. आणि मी इथं बसून फ्रान्स फिरून आलो!" तो असा काही हसायला लागला की शेजारचा चपलवाला डोकावून गेला. सावळीही हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, आणि मधूनच गिटारच्या पाठीवर धपाटा घालत होती. "कंपनी मीच, म्हनला व्हता! कंपनी मीच!"

पण सुनिल प्रामाणिक माणूस. हसू ओसरल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा तो राघो म्हणेल, तयार गिटार आणून वर नाव कोरलंय. कारखान्यातच होता ना भाऊ? तसं करता येतं."

हे बोलणं सावळीला झोंबलं. झोंबलं, कारण ते खरं होतं. राघो अगदी हेच म्हणणार होता, याच शब्दांत, मिशीवर हात फिरवत. ती पुन्हा स्टुलावर बसली. समोर गिटारचं गोल तोंड तिच्याकडे आ वासून बघत होतं, आणि आत नुसता काळोख. तिला बाप आठवला. असाच ढोलाच्या उघड्या लाकडात डोकं घालून बसलेला असायचा.

बुधू ढोल घडवायचा तेव्हा कातडं चढवण्याआधी एक काम न चुकता करायचा. बिब्बा तापवून त्याचं तेल काडीवर घ्यायचा आणि ढोलाच्या आत, लाकडाला, टिळा लावायचा. दृष्ट लागू नये म्हणून. इतर लोक टिळा बाहेर लावतात, पण बुधूचं म्हणणं असं, की वाद्याचा आवाज पोटातून येतो, तर टिळाही पोटातच हवा. तीन ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. एकदा कातडं चढलं की तो टिळा कोणाला दिसत नाही, आणि बिब्ब्याचा डाग तर लाकूड जळेपर्यंत जात नाही. पोटटिळा म्हणायचे त्याला घरात.

"दादा," सावळी म्हणाली, "ह्याच्या पोटात बघायला येईल?"

सुनिलकडे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा छोटा आरसा होता. सैल पडलेल्या तारा बाजूला सारून त्यानं तो आत घातला, मोबाइलची बॅटरी लावली आणि हळूहळू फिरवायला लागला. "लाकूड... पट्ट्या... कोळ्याचं जाळं... ही पाठीची मधली पट्टी... हां, इथं काळं काहीतरी आहे. ओल लागली असेल. नाहीतर जळलंय."

"कसं काळं? नीट सांगा."

"ठिपके आहेत. एक, दोन... तीन. आणि खाली..." तो थांबला. "खाली रेघ आहे, पण अर्धीच दिसतेय. अर्धी पट्टीच्या खाली गेलीय."

सावळी उठून उभी राहिली. तिनं आरसा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. आरशात आधी तिला तिचाच डोळा दिसला, मग जाळं, आणि मग ते. तीन ठिपके, खाली रेघ. बापाच्या ठिपक्यांपेक्षा जरा वेडेवाकडे, कारण अनंताचा हात बिब्ब्याला नेहमीच घाबरायचा. लहानपणी एकदा बिब्बा उतून त्याचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. एवढं भ्यालेलं पोर वसईच्या कारखान्यात बिब्बा घेऊन बसलं होतं.

"आबाचा पोटटिळा," ती म्हणाली.

पुढचं सुनिल बोलला, आणि बोलता बोलता त्याचाही आवाज चढत गेला. "मावशी, कळतंय का तुम्हाला? रेघ पट्टीच्या खाली गेलीय. म्हणजे आधी टिळा लागला, मग वर पट्टी चिकटवली, मग पाठ बंद झाली. पट्टी मूळची आहे, गोंद मूळचा आहे, कोणी उघडून बघितलेलीसुद्धा नाही ही. ज्यानं हा टिळा लावला, त्याच्यापुढं ही गिटार उघडी पडलेली होती. सुट्टे तुकडे होते हो नुसते! घडवली, मावशी. तुमच्या भावानं घडवली. आणि अशी घडवली, की मी तिला फ्रान्सची समजलो!"

सावळीला काय करावं ते कळेना. तिनं थंडगार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि म्हणाली, "दादा, अजून येक सांगा. ह्या वेळी मी देते."

सुनिलनं गिटारला नव्या तारा चढवल्या. सावळीला वाजवता येत नाही म्हटल्यावर त्यानं तारा अशा लावून दिल्या, की नुसता हात फिरवला तरी गोड वाजावं. गळून पडलेल्या एचच्या जागी शिंपला बसवू का, असं त्यानं विचारलं. सावळी म्हणाली, नको, ती जागा तशीच असू द्या. बघणाऱ्याला अंमळ शोधायला लागू दे. आरसा मात्र तिनं मागून घेतला.

वाघबारशीला सकाळपासून पोरांनी घरोघर तांदूळ गोळा केले. वाघोबाचं ठाणं वाडीच्या वर, रान सुरू होतं तिथं. शेंदूर लावलेली लाकडी फळी, तिच्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र. दुपारपर्यंत खिरीचं पातेलं रटरटायला लागलं आणि सगळी वाडी जमली. ऊन चांगलं कडक होतं. सावळी आली ती नवं लुगडं नेसून, गिटार उघडीच खांद्याला लावून. गोधडीबिधडी काही नाही.

राघोनं ढोल खाली ठेवला. "काय गो सावळे, निघाली का कंपनी?"

"निघाली ना."

"कुठली?"

"धसय."

लोक हसले. राघोही हसला. "धसय कंपनी! बरी हाय."

सावळीनं गिटारचं डोकं त्याच्या नाकापुढं धरलं, बोटानं एकेक अक्षर दाखवलं आणि गेलेलं अक्षर खाचेतून वाचून दाखवलं. शहापूरला कामाला जाणारी रंजिता पुढं आली, तिनंही वाचलं आणि मान हलवली. हसणं जरा कमी झालं. राघोनं मिशीवर हात फिरवला.

"नाव काय गो, कोनी पन कोरील. तयार बेंजो आनायचा आनि वर नाव टाकायचं."

सावळी याचीच वाट बघत होती. शब्द न शब्द तिच्या ओळखीचा होता. तिनं कमरेला खोचलेला आरसा काढला आणि त्याच्या हातात दिला. "राघोदादा, आबानं घडवलेला ढोल तुझ्याकडं हाय. मागं त्याचं कातडं फाटलं तवा तू सोता आत काय बघितलंस?"

"पोटटिळा. बुधूकाकाचा. मंग?"

"मंग ह्याच्या पोटात बघ."

राघो गुडघ्यावर बसला. आरसा आत गेला. रंजितानं मोबाइलची बॅटरी धरली. खीर ढवळणारी बाईजाम्हातारीसुद्धा पळी हातात धरून थांबली. राघोनं आरसा इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि एका जागी थांबवला. पुष्कळ वेळ तो तसाच वाकून राहिला. सावळीला त्याचं नुसतं मुंडासं दिसत होतं.

"रेघ पट्टीच्या खाली गेलीय, ती दिसली का?" तिनं विचारलं.

"दिसली," राघो म्हणाला. मान वर न करताच म्हणाला.

त्याला समजावून सांगायची काही गरज नव्हती. ढोल उघडा असताना काय करता येतं आणि बंद झाल्यावर काय करता येत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. मग प्रत्येकालाच बघायचं होतं. लडकूनं पाहिलं, शेजारच्या जनानं पाहिलं, पोरं एकमेकांना ढकलत आली. बाईजाम्हातारीला आरशात स्वतःचा डोळाच दिसला, पण तीही म्हणाली, "हाय हाय, बुधूचाच हाय." खीर खाली लागल्याचा वास आला तेव्हा कुठं रांग मोडली.

राघोनं गिटार दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि स्वतः जाऊन वाघोबापुढं ठेवली. शेंदराचं बोट तिच्या डोक्यावर टेकवलं. मग ढोल गळ्यात अडकवून तो वाडीकडे वळला आणि त्यानं विचारलं, "कोनी घडवला?"

सगळे सावळीकडे बघायला लागले. नाव घरच्यानं सांगायचं, अशी रीत. यासाठी ती शहापूरला जाऊन आली होती, यासाठी तिनं भात लडकूवर टाकला होता, आणि कालपासून ती मनात घोकत होती की कसं खणखणीत नाव घ्यायचं, डोंगराला ऐकू गेलं पाहिजे. तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. भावाच्या नावाचा पहिला स्वरही बाहेर येईना. तिनं पुन्हा तोंड उघडलं, हातानं खूण केली, आणि तशीच उभी राहिली, गालांवरून धारा वाहत.

राघोनं पुन्हा विचारलं, या वेळी हळू. "कोनी घडवला, सावळे?"

ती नुसती मान हलवत राहिली.

तेव्हा राघोनं ढोलाची काठी उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि रीत बाजूला ठेवून स्वतःच उत्तर दिलं. एवढ्या मोठ्यानं दिलं, की झाडावरचे पक्षी उडाले.

"अनंतानं! बुधूच्या अनंतानं!"

"अनंतानं!" वाडी गरजली. ढोलावर काठी पडली.